भिंतीची जागा

"सांगा की शेजारीबुवा, भिंत नेमकी कुठे होती?" ब्लांशबाईने विचारले. मोजणीदार खुंटी घेऊन खोळंबला होता.

वृद्ध गास्तोंने चहूकडे पाहिले. महायुद्धाने त्या फ्रेंच खेड्याचा भूगोलच पुसून टाकला होता. तोफांच्या माऱ्याने टेकडी ठेंगणी झाली होती, ओढ्याने पात्र सोडले होते आणि चर्चच्या जागी खळगा उरला होता. दोघांच्या घरांमधल्या याच भिंतीच्या हातभर जागेसाठी तो ब्लांशबाईच्या नवऱ्याशी जन्मभर भांडला होता.

"मला काहीच ओळखू येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही ठोकाल तिथे मान्य."

"आज बरं मान्य!" असे म्हणून तिने खुंटी घेतली आणि पार पलीकडे, रस्त्याच्या कडेला नेऊन रोवली.

"अहो, अशाने तुमच्या घराची जागासुद्धा माझ्या हद्दीत आली!"

"येऊ द्या. नवरा गेला, दोन्ही पोरं लढाईत गेली. मी चालले बहिणीकडे."

जन्मभर मागितले त्याहून कितीतरी अधिक आज गास्तोंच्या पदरात पडले होते. ब्लांशबाई वाटेला लागली आणि मोजणीदाराने दोरी ताणली. तिचे दुसरे टोक धरायला गावात आणखी कोणीच नव्हते, म्हणून ते गास्तोंने धरले.