चौथा कोपरा

आईच्या गोधड्या कॅन्सरच्या वॉर्डात जायच्या. प्रत्येक गोधडीचा चौथा कोपरा ती मुद्दाम न शिवता ठेवायची आणि पेशंटला दटावायची, "बरे झालात की घेऊन या, तेव्हाच टाके घालून देईन." कोपरा शिवून घ्यायला आजवर कुणी आलं नव्हतं, पण आईने हेका सोडला नाही. सुईत दोरा ओवून देताना बाबा चिडवायचे, "तुझं एक काम धड पुरं होईल तर शपथ!"

यंदा बाबांचेच रिपोर्ट आले. डॉक्टरांनी आईला एकटीला आत बोलावलं.

"काय म्हणाले गं?" ती बाहेर आल्या आल्या बाबांनी विचारलं.

"काही नाही हो. औषधं जरा जास्त दिवस घ्यावी लागतील, एवढंच."

मग ती मान खाली घालून शिवत बसली. बाबांच्याच जुन्या, मऊ शर्टांची गोधडी. इतकी देखणी तिने आजवर कुणासाठी केली नव्हती.

"झकास झालीय," म्हणत बाबांनी ती अंगावर ओढली आणि हसत हसत एकेक कोपरा चाचपू लागले.


चारही कोपरे पक्के शिवलेले होते.