दारात कुणीतरी आहे

"दारात कुणीतरी आहे," मोबाईल सकाळपासून विसाव्यांदा केकाटला आणि मधुसूदनराव दाराकडे धावले. बाहेर चिटपाखरूही नव्हतं. लेकानं पाठवलेली, दारातली हालचाल टिपून मोबाईलवर कळवणारी कॅमेऱ्याची बिनतारी बेल बसवल्यापासून हेच चाललं होतं. बॅटऱ्या बदलून झाल्या, कंपनीशी भांडून झालं; शेवटी वैतागून बेलच बंद केली. संध्याकाळी नळ उघडला, तर नुसती हवा. शेजारचा रामकिसन कुंपणावरून ओरडला, "काका, दुपारी पाणी येऊन गेलं की! लई बेल दाबली, तुम्ही आलाच नाय." आता पुढचं पाणी आठवड्यानं! चरफडत त्यांनी बेल चालू केली आणि पहिल्यांदाच चष्मा लावून मोबाईलवर दार न्याहाळलं. कॅमेऱ्यासमोर वाऱ्यानं झुलत होती बायकोनं नव्या बेलला दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली लिंबू-मिरची. ते तरातरा आत गेले. दमयंतीबाई ताज्या मिरच्या ओवत म्हणाल्या, "बघा, लागलीच ना दृष्ट? आता दोन बांधते."