भुऱ्याची नवी जागा

बिबट्या दोनदा अंगणात येऊन गेला. तो कुत्र्यासाठीच येतो, असं सगळं गाव म्हणालं, म्हणून लच्छूने भुऱ्याला सायकलवर बसवून चामोर्शीला बहिणीकडे नेऊन सोडलं. पोरगी रडून घर डोक्यावर घेईल, या धास्तीने परत येताना वाटभर तो समजुतीचे शब्द जुळवत होता.

"तिथी त्याले रोज मासोळीची मुंडी भेटन," तो दीपालीला म्हणाला. "पक्कं घर हाय आत्याचं. बिबट्या काई त्याले नेत नाई आता."

दीपाली रडली नाही. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "बाबा, भुऱ्या गेला, हे बिबट्याले कोणी सांगतलं काय?"

ऊन असतानाच लच्छूने अंगणातली तिची खाट उचलून घरात नेली.