बाकावरचा चॅम्पियन

ओडार्तेईला लाज अशी कधी नव्हतीच, पण दाराशी पाहुणे आले की निदान सदरा तरी घालायचा. आज त्याच्या पोरीला मागणी घालायला टेशी गावाहून माणसं आली, अंगणात मागणीची दारूची बाटली ठेवून बसली, आणि हा मेला किनाऱ्यावर कडुनिंबाखाली सोंगट्या आपटत बसलेला.

बापाने पोरीला तीनदा विचारायचं, "बाटली घ्यायची ना गं?" तिने तीनदा हो म्हणायचं. मग बाटली उघडायची, मग सोयरीक. नवऱ्या मुलाच्या काकाने आतापर्यंत दोनदा टोपी डोक्यावर चढवून पाहिली होती. शेवटी आयेले म्हातारी स्वतःच लेकाला आणायला निघाली.

"ऊठ."

"आई, कसा उठू? सकाळपासून जिंकतोय."

झाडाखालचा कायदाच तसा. हरेल त्याने बाक सोडायचा, जिंकेल त्याने बसून राहायचं. न हरता उठला तो पळपुटा, आणि पळपुट्याला त्या बाकावर पुन्हा जागा नाही.

"मग हर की. त्याला काय अक्कल लागते?"

भोवतालचे फिदीफिदी हसले. समोरचा लांक्वेई, जाळी शिवणारा म्हातारा, तेवढा हसला नाही. पुढे वाकून हळूच म्हणाला, "तुझ्या डेडेईची सोयरीक आहे लेका. ती कडेची सरकव. मी तुझ्या तिन्ही खातो, तू घरी जा."

ओडार्तेईने मान डोलावली. कडेच्या सोंगटीवर बोट ठेवलं. सरकवतोय, असं आयेलेला वाटलं.

"दाखव रे, चॅम्पियन!" मागून कुणीतरी ओरडलं.

हात उडाला. दुसरीच सोंगटी उचलली गेली. खाड, खाड, खाड. लांक्वेईचा पट साफ. म्हातारा उठला आणि त्याच्या जागी लगेच दुसरा बसला.

ओडार्तेईने वर पाहिलं. डोळे भरले होते. "आई, हात ऐकत नाही गं."

"सारखं चॅम्पियन, चॅम्पियन. म्हणजे काय रे ते?" तिने भोवतालच्यांना विचारलं.

"ज्याला कुणी उठवू शकत नाही तो, आजी," नवा गडी सोंगट्या मांडता मांडता म्हणाला.

तेवढ्यात डेडेई धावत आली. नवी कापडं, पाय वाळूने भरलेले. "आजी, ते निघाले! बाटली उचलली त्यांनी!"

बाप अर्धवट उठला. बाकाभोवतीचे सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो परत बसला.

आयेलेने पदर खोचला. "पळ, थांबव त्यांना. तीनदा मी विचारते तुला."

पोर पळाली. म्हातारी दोन पावलं गेली आणि वळली.

"बस तू, चॅम्पियन. पोरीच्या बापाचं विचारलंच कुणी, तर सांगते, बसल्या जागी गेला."