निरोगी नमुना

"आई, तू माझ्या रक्ताशी गप्पा का मारतेस?"

विचारून टाकलं एकदाचं! वर्गातल्या चौकडीने पैजच लावली होती. गेल्या महिन्यात त्यांतली चष्मिस तिच्याबरोबर आईच्या प्रयोगशाळेत आली होती. काचेच्या दारातून तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की आई मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलीय आणि तिचे ओठ हलताहेत. "काकू नळीतल्या रक्ताशी बोलतात," चष्मिसने मधल्या सुट्टीत जाहीर केलं. "हिंमत असेल तर विचार."

आईने तिच्या दंडाला पट्टा आवळला. "गप्पा कसल्या? पेशी मोजते मी. मोजताना तोंड चालतं."

"मग हसत का होतीस?"

"आकडे चांगले आले की येतं हसू. मूठ वळ."

सुई आत गेली. आईचा हात इतका हलका, की मुंगीसुद्धा याहून जोरात चावते. आईचं संशोधन रोगप्रतिकारशक्तीवरचं. आजारी माणसाच्या रक्तात काय बिघडलंय ते कळायला शेजारी धडधाकट माणसाचं रक्त ठेवून बघावं लागतं. तो धडधाकट माणूस म्हणजे ती! तान्हेपणी म्हणे न्यूमोनियाने पार चिपाड झाली होती. गळ्याच्या हाडाखाली तेवढा एक व्रण उरला होता. आता मात्र साधी शिंकसुद्धा नाही. दर महिन्याचा पहिला शनिवार, एक नळी रक्त.

बाबा दोघींना गाडीतून आणायचे आणि खाली बाकावर वर्तमानपत्र उघडून बसायचे. वर कधीच यायचे नाहीत. "मला नाही झेपत ते," एवढंच म्हणायचे.

नळी घेऊन आई आतल्या खोलीत गेली. ही नळी ती कुणालाच हाताळू द्यायची नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मग अर्धा तास शांतता.

घरी आई तशी हसत नसे. घरी हसायचा तो फक्त दिवाणखान्यातला फोटो. समोरचा दात तुटलेला, खांद्यावर बॅट, वय वर्षं अकरा. ती दोन वर्षांची असताना दादा सायकलवरून शाळेत गेला आणि वळणावर एक ट्रक आला. तिला त्याचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सगळं ऐकीव. त्याला म्हणे शेंगदाणा खपायचा नाही. तिलाही नाही, एक दाणा पोटात गेला की ओठ फुगून टम्म. एवढंच काय ते दोघांत सारखं. आता ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी झाली होती, तरी तो दादाच. एकदा, फक्त एकदा त्याला बघायला मिळालं असतं, तर तिने आयुष्यभराची आइस्क्रीमं सोडली असती.

थोड्या वेळाने आईला बैठकीला बोलावणं आलं. ती जाताच भिंगकाकांनी अंधाऱ्या खोलीतून खूण केली. काका दोन महिन्यांपूर्वीच लागलेले तंत्रज्ञ, बोलायला भुकेले.

"ये, गंमत बघ. या एका मावशींच्या पेशी. आत लाल ठिपके दिसतात, ते बाईकडे दोन असतात. पुरुषाकडे एक लाल, एक हिरवा."

तिने डोळे लावले. "पण इथे तर हिरवे आहेत! मावशी म्हणालात ना?"

"तीच तर मजा! मावशींच्या हाडांतला बिघडलेला मगज औषधांनी पार साफ केला आणि गळ्याच्या हाडाखाली नळी घालून त्यांच्या भावाचा सोडला. रक्त बनतं मगजात. आता बाई त्या, रक्त भावाचं. जन्मभर! कधी कधी भावाला जे खपत नाही, तेही त्यांना खपेनासं होतं."

"बाप रे. मग धडधाकट बाई कशी दिसते?"

"म्हणजे तू! तुझ्या मागच्या नळीत थेंबभर उरलं होतं. मॅडमना न विचारताच दोन स्लाइड केल्यात, बोलू नकोस हं." काकांनी दुसरी स्लाइड सरकवली, डोकावले आणि कपाळावर हात मारला. "घ्या! अदलाबदल केली मी. इथेही हिरवे."

"बघू."

"थांब, दुसरी आहे तुझीच." त्यांनी तीही लावली. तिच्यातही हिरवे! मग तिच्यावरचं लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. "छे, सगळाच घोळ! आता मॅडम माझी हजेरी घेणार."

तिचा हात आपसूक गळ्याखालच्या व्रणावर गेला.

"काका, मी अजून थोडा वेळ बघू?"

"बघ की. पण चुकीची आहे गं ती."

काळ्या अंधारात निळ्या पेशी तरंगत होत्या आणि प्रत्येकीत एक लाल ठिपका होता, एक हिरवा. ती पापणी न हलवता बघत राहिली.

"काय पुटपुटतेस?" काकांनी विचारलं.

"मोजतेय," ती म्हणाली.

परतताना गाडीत आई पुढे बसली होती, ती मागे. सिग्नल लागला.

"मी एक ठरवलंय," ती म्हणाली.

"आता काय? केस कापायचे?" बाबा आरशातून हसले.

"पुढच्या महिन्यात खाली बाकावर कुणी बसायचं नाही. बाबा, तुम्ही वर यायचं आणि मायक्रोस्कोपला आईच्या आधी डोळे लावायचे. आई दर महिन्याला भेटते. तुम्ही मात्र तेरा वर्षांत दादाला एकदाही पाहिलेलं नाही."