खिडकीतला चंद्रोदय

परक्या ताऱ्याभोवती फिरणारा तो अजस्र वायूचा गोळा वसाहतीच्या खिडकीत कायम टांगलेला. ना उगवायचा, ना मावळायचा. इथे चंद्र म्हणून तोच. त्यामुळे शरयूताईंची संकष्टी पार बेचव झाली होती.

चिपळूणला उपाशीपोटी चंद्रोदयाची वाट पाहण्यात केवढी मजा असायची! यजमान पाण्याच्या टाकीवर चढून ढगांत चंद्र हुडकायचे आणि तिथूनच ओरडायचे, "उगवला गं!"

आज सकाळीच यजमानांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, तो मोदक वाफवून झाले तरी उघडू देईनात. ताई भुकेनं आणि रागानं धुमसत होत्या.

तेवढ्यात स्टुलावर चढून यजमानांनी पडदा हळूच सरकवला. "अगं, उगवला!"

ताईंनी ताम्हन उचललं. "आज फार उशीर केला हो त्यानं."

"ढग होते," ते म्हणाले.