सात परस पाणी

क्षमा विहिरीच्या शेवटच्या पायरीवर बसून होती. खाली उतरायला पायच होईना. पाण्यात तिची आत्या पुतळाबाई लुगड्याचा काष्टा खोचून उभ्यानं तरंगत होती. वय साठीच्या पुढं, पण पाण्यात घरातल्यासारखी निवांत.

"ये की गं. एवढी शिकलीस, कॉलेजात पोरांना शिकवतीस, अन् विहिरीला भितीस व्हय?"

"लई भीती वाटती, आत्या."

दोन परस पाणी होतं. दोन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तरी बुडतील एवढं. तळ काळा. सहा वर्षं क्षमा कळंबच्या कॉलेजात प्रवाळावर संशोधन करत होती. पण दुसऱ्यांनी काढून आणलेल्या, बाटलीतल्या तुकड्यांवर. पुढच्या महिन्यात तिला स्वतः समुद्रात उतरायचं होतं. पोहता येत नाही, हे तिनं संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना सांगितलंच नव्हतं.

"असं काय हाय त्या प्रवाळात?"

"दगडासारखा दिसतो, पण जीव हाय त्याला. अंगात बारीक शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर अन्न करून प्रवाळाला घालतं, तो शेवाळाला जागा देतो. पाणी तापलं की मात्र तो शेवाळाला बाहेर काढतो. मग पांढरा पडतो अन् उपाशी मरतो."

"खाऊ घालणाऱ्यालाच काढतो? का बरं?"

"तेच शोधायचंय. काही प्रवाळ तापल्या पाण्यातबी शेवाळाला काढत न्हाईत. ते बघायला जायचंय."

पुतळाबाईनं दोन्ही हात पुढं केले. "मग चल."

क्षमानं डोळे मिटले, ते हात धरले आणि पायरी सोडली. पायाखाली काहीच नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं तर पाणीच आत शिरलं. कानात नुसतं छातीचं धडधडणं. आत्यानं वर ओढलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. चौथ्या खेपेला पाय आपोआप हलू लागले आणि पाण्यानं तिला उचललं.

"जमतंय की!" पुतळाबाई हसली. "समुद्रात बी एवढंच का, दोन परस?"

"सात."

पुतळाबाईचं हसू थांबलं. तिनं खाली काळ्या पाण्याकडं बघितलं.

"तिथं धरायला कोण असंल?"

क्षमानं पाय जोरानं हलवले. भीती अजून तशीच होती. तरी ती म्हणाली, "सोडा आता, आत्या. एकटी बघते."

"व्हय, सोडते."

पण पुतळाबाईची बोटं क्षमाच्या मनगटावर आणखीच घट्ट झाली होती.